कोड चार : सवय

तीस वर्षं मी लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारले. त्या बदल्यात लोकांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "ह्याचा आमास्नी काय उपेग?" सुरुवातीला मी शिकवल्याप्रमाणं सांगायची की सरकारला धोरण आखायला मदत होते. मग कंटाळून "मला पगार मिळतो" एवढंच सांगायला लागले. त्यावर लोक हसायचे आणि आत बोलवायचे. खरं बोललं की चहा मिळतो, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

माझी नोकरी एका अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेत होती. संस्था पुण्याची, आमचं कार्यालय शाहूपुरीत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर. हुद्दा क्षेत्र अन्वेषक. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते, आणि घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळं त्यांना हा हुद्दा फार भारदस्त वाटायचा. आई मात्र शेजारी सांगायची, "ती घरोघर हिंडून माणसांस्नी चौकशा करती." दोघांत आईचं वर्णन जास्त बरोबर होतं.

काम समजायला सोपं आहे. माणसं निर्णय कसे घेतात, त्यांचं बरं चाललंय की वाईट, हे विद्वानांना जाणून घ्यायचं असतं. त्यांना घरोघर जाणं जमत नाही. म्हणून ते प्रश्नांचा फॉर्म तयार करतात आणि आमच्यासारखी माणसं तो घेऊन फिरतात. फॉर्मवर उत्तरासाठी नखाएवढा चौकोन असतो. कोल्हापूरचा माणूस नखाएवढं उत्तर देत नाही. "तुमचा व्यवसाय काय" विचारलं तर तो आज्यापासून सुरुवात करतो. म्हणून प्रत्येक संभाव्य उत्तराला एक आकडा दिलेला असतो, त्याला कोड म्हणतात. तासाभराचं बोलणं ऐकायचं आणि त्याचा एक आकडा करायचा, ही आमची कला. मला तिचा गर्व होता. माझे फॉर्म कधी परत आले नाहीत.

आडनाव विचारून मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवणारी घरं मी पाहिली. त्यांच्याही चौकोनात मी तितक्याच स्वच्छ अक्षरात आकडे भरले.

प्रशिक्षण आमचे सर द्यायचे. मोठे अभ्यासू आणि मनानं चांगले. त्यांचं पहिलं सूत्र असं: माणूस काय बोलतो यावर जाऊ नका, तो काय करतो ते पाहा. त्यानं जे निवडलं तेच त्याला हवं होतं. दुसरं सूत्र: अन्वेषकानं भिंतीसारखं राहायचं. मान डोलवायची नाही, सुचवायचं नाही, सल्ला तर बिलकूल द्यायचा नाही. भिंत व्हायला मी पटकन शिकले. पहिल्या सूत्राबद्दल मात्र मला गगनबावड्यात पहिली शंका आली.

तेव्हा आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. तुम्हाला आज दोन किलो साखर मिळेल किंवा महिन्यानंतर तीन किलो, तर काय घ्याल? आज घेणारा माणूस अधीर, थांबणारा विचारी, असं गणित. एका म्हातारीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "देनार कोन?"

"समजा मी."

"तुमी म्हैन्यानं परत हितं येनार? पावसात एष्टी बी येत न्हाय हितं. आजची द्या दोन किलो."

मी 'अधीर'चा कोड लिहिला. परत येताना गाडीत मला वाटत राहिलं, हिच्याइतकी विचारी बाई आज मला भेटली नाही. तिनं साखरेचा हिशेब केलाच नव्हता. तिनं माझा हिशेब केला होता.

असे पुष्कळ किस्से आहेत आणि सांगायला बसले तर अंक भरेल. पण मला लिहायचंय ते महादूअण्णांबद्दल. ते लिहायचं इतकी वर्षं टाळत आले.

महादूअण्णा गंगावेशीजवळच्या पेठेतले गवळी. घरामागं गोठा, गोठ्यात चार म्हशी. आमची पाहणी अशी होती की त्याच त्या घरांत काही वर्षांच्या अंतरानं तीनदा जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे बदल कळतो. पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि अण्णा मैना नावाच्या म्हशीला घासत होते. त्यांनी एक बादली पालथी घातली आणि म्हणाले, "बसा ह्याच्यावर. इचारा तुमी, माजं हात चालू ऱ्हात्यात."

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. कोल्हापुरात दूधकट्टा नावाची गोष्ट आहे. गवळी संध्याकाळी आपल्या म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं असतं. फेसाळलेलं, कोमट दूध तिथंच पितं, ग्लास ठेवतं आणि तालमीला किंवा घरी जातं. मध्ये पिशवी नाही, फ्रीज नाही, झाकण नाही.

प्रश्न असा होता: डेअरीची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, फॅट तपासून दूध घेऊन जाते. मग रोज म्हशी हाकत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात कट्ट्यावर का जाता? कोड पाच होते. एक, भाव चांगला. दोन, जवळ पडतं. तीन, दुसरा इलाज नाही. चार, सवय. पाच, इतर, आणि पुढं एक रिकामी ओळ.

अण्णांनी घासणं थांबवलं. "डेअरीच्या क्यानात वतलं की ते दूद कुनाचं? सगळ्यांचं. म्हंजे कुनाचंच न्हाय. कट्ट्यावर मानूस गिलास धरून म्होरं हुबा असतोय. पितोय, मिशी पुसतोय आनि म्हंतोय, अण्णा, आज मैना खुशीत हाय. डेअरीवाला म्हनंल काय असं?"

"म्हणजे भाव चांगला मिळतो म्हणून?"

"भावाचं कुटं काडलंय मी? तुमी इचारलं का जातो, म्हनून सांगिटलं."

पाचवा कोड लिहून रिकाम्या ओळीत हे सगळं उतरवायला हवं होतं. पण ती एक ओळ होती आणि हे एका ओळीत मावणारं नव्हतं. शिवाय वरून ताकीद होती की पाच कमी ठेवा, पाच आले की पुण्याच्या लोकांची डोकेदुखी वाढते. तोवर अण्णांनी मैनेचं दावं सोडलंही होतं. मी चार लिहिलं. सवय.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच उत्तर," मी म्हणाले.

शेवटचा प्रश्न शिडीचा असायचा. एका कार्डावर दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र. सगळ्यांत वर तुम्हाला जगता येईल असं सगळ्यांत चांगलं आयुष्य, सगळ्यांत खाली वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर आहात? माणसाचं कल्याण एका आकड्यात मोजायची ही युक्ती. अण्णांनी कार्ड ओल्या हातानं धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही शिडी कशाला टेकलीया?"

खरंच, शिडी कशालाच टेकलेली नव्हती. कोऱ्या कागदावर नुसती उभी होती. शेकडो लोकांना मी ते कार्ड दाखवलं होतं आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"चित्र आहे, अण्णा."

"चित्रातली झाली म्हनून काय झालं? भिंत नगं? चढनारा पडंल की." मग हसून म्हणाले, "सहा लिवा. सातवी मैनेला ठिवलीया."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग कट्ट्यावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा उभ्यानं धारेचं दूध प्यायले. नंतर रोज जायला लागले. कार्यालय सुटलं की शाहूपुरीतनं चालत गंगावेस. अण्णा लांबूनच ओळखायचे आणि न विचारता ग्लास भरायचे. कधी म्हणायचे, "आज कुनाच्या डोक्याला ताप दिला?" मी दिवसभरातली एखादी गंमत सांगायची, ते मान हलवायचे. दिवसभर भिंत होऊन हिंडलेल्या मला ती दहा मिनिटं फार हवीशी वाटायची. आता निवृत्तीनंतर संध्याकाळचे पाच वाजले की पाय अजून दाराकडं जातात. मी चपला घालते, मग आठवतं, मग काढून ठेवते.

दुसऱ्या फेरीच्या आधी आमचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि एका स्थानिक वर्तमानपत्रानं त्यातलं एक वाक्य उचलून मथळा दिला की कट्ट्यावरची दूधविक्री फायद्याची नाही, केवळ सवयीची आहे. मी तो मथळा शाहूपुरीत टपरीवर चहा पिताना वाचला. एकट्या माझ्या फॉर्मवर तो निष्कर्ष नव्हता. पेठेतल्या बऱ्याच गवळ्यांच्या चौकोनात चार होतं. पण ते सगळे चौकोन माझ्याच अक्षरात होते.

दुसऱ्या फेरीला अण्णांच्या घरी गेले तर ते कात्रण फॉर्मच्या आधी माझ्यापुढं आलं. अण्णांचा मुलगा संजय शिरोली एमआयडीसीत कामाला. दोन मुली, थोरलीला फार्मसीला जायचं होतं. शेजारी गोठ्याच्या वासाची तक्रार करत होते. गोठ्याच्या जागेवर खोल्या बांधल्या तर भाडं येणार होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

"बगा मॅडम," तो म्हणाला, "तुमच्याच हापिसाचं हाय न्हवं? शिकलेल्या लोकांनी अभ्यास करून लिवलंय. फायदा न्हाय, नुसती सवय हाय. मी ह्येच बोंबलतोय दोन वर्सं."

अण्णांची बायको हिराक्का उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"ताई, तुमी शिकलेल्या. रोज कट्ट्यावर येता. तुमी सांगा, नुसती सवय हाय ही?"

संजयनं कात्रणाची घडी घातली. मी काय म्हणते यावर चार म्हशी अवलंबून होत्या, हे सगळ्यांना कळत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की अण्णा, तुम्ही सवय म्हणाला नव्हता, ते मी लिहिलं. कदाचित त्यानं काहीच बदललं नसतं. फार्मसीची फी माझ्या कबुलीनं भरली जाणार नव्हती. पण अण्णांचं बोलणं अण्णांना परत मिळालं असतं.

मी म्हणाले, "अण्णा, आम्हाला सल्ला द्यायची परवानगी नाही. नियम आहे."

"नियम असंल तर मग काय," अण्णा म्हणाले आणि गोठ्यात गेले. मी हिराक्कांना पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी मी नियमाच्या मागं लपले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दिवाळी झाल्यावर म्हशी गेल्या. तीन एका व्यापाऱ्यानं नेल्या. मैनेला शहरालगतच्या बावड्यातल्या एका गवळ्यानं नेलं.

मी हे सरांना सांगितलं. ते कामानिमित्त कोल्हापूरला आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, त्यांनी विकल्या ना? म्हणजे सगळ्याचा विचार करून त्यांना तेच जास्त हवं होतं. एका गोठ्यावरून सिद्धांत मोडत नाही." सिद्धांतावरून एक गोठा मोडतो त्याचं काय, हे उत्तर मला चार वर्षांनी भांडी घासताना सुचलं. तेव्हा मी "हो सर" म्हणाले. चोख उत्तरं मला नेहमी भांडी घासतानाच सुचतात.

तिसरी फेरी माझ्या नोकरीतली शेवटची. अण्णांच्या घरी फॉर्ममधला एकेक चौकोन सुधारलेला होता. गोठ्याच्या जागी दोन खोल्या, भाडेकरू चांगले. फरशी, फ्रीज, नात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. शारीरिक कष्टाचे तास शून्य. असा फॉर्म पुण्यात गेला की लोक खूश होतात. मी शिडीचं कार्ड पुढं केलं. संजय शेजारी बसला होता, नात दारात उभी होती.

अण्णांनी दोघांकडं बघितलं. "आट लिवा," ते म्हणाले. मग कार्ड परत देताना हळूच, "अजून भिंत काडली न्हाय व्हय कुनी?"

पाच वाजले तसे ते उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले. हिराक्का म्हणाल्या, "रोज ह्याच वक्ताला जात्यात. कुटं, ते इचारू नगा." विचारायची गरज नव्हती. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि मागोमाग गेले. अण्णा कट्ट्यावर होते. हात मागं बांधून, दुसऱ्यांच्या म्हशींपासून चार पावलं लांब. गिऱ्हाईक येत होतं, पीत होतं, मिशी पुसत होतं. अण्णा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. माझ्या पिशवीत त्यांचा आठचा आकडा होता आणि फॉर्म नेहमीइतकाच हलका होता, तरी मला ती पिशवी धरवेना.

गेल्या पाडव्याला त्यांचा फोन आला. "ताई, म्हशी बगायला येताय काय? एकट्याला जायला नगं वाटतंय."

आमच्याकडं दिवाळी पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ, डोक्यावर मोरपिसं. मग गवळी मोटारसायकलवर बसून हाक देतो आणि म्हैस एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात फक्त आपल्या माणसाच्या हाकेमागं पळते. अण्णांची हाक पेठेत नावाजलेली होती. सायलेन्सर काढलेल्या दहा गाड्या गुरगुरत असल्या तरी मैनेला ती ऐकू जायची.

नदीकडच्या रस्त्याला आम्ही कडेला उभे राहिलो. आता मला कुठला हुद्दा नव्हता आणि कुठला नियम नव्हता. तरी तोंड उघडायला वेळ लागला.

"अण्णा, ती 'सवय' मी लिहिली होती. तुम्ही तसं म्हणाला नव्हता."

"ठावं हाय की," अण्णा रस्त्याकडंच बघत म्हणाले. "पेन तुमच्याच हातात हुतं. दुसरं कोन लिवनार?"

"मग त्या दिवशी संजयसमोर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमास्नी लाज वाटली असती. मग तुमी कट्ट्यावर यायचं बंद केलं असतं." मग म्हणाले, "आनि लिवलं त्यात खोटं तरी काय हाय? सवयच ती. पर तुमच्या सायबास्नी वाटलं, सवय म्हंजे लई हलकी गोष्ट. सोडून बगा म्हनावं एकदा."

तीस वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बावड्याकडच्या गाड्या आल्या. तिसऱ्या गाडीमागं मैना होती. अंगावर नक्षी कातरलेली, शिंगांना लाल रंग, थोडी वाळली होती पण ऐट तीच होती. तिचा नवा गवळी तरुण पोरगा होता. घसा ताणून हाका मारत होता, आणि ती त्याच्यामागं अर्ध्या मनानं, थांबत थांबत येत होती. आमच्यासमोर आली तेव्हा तिनं मान वर केली आणि नाक फेंदारलं.

अण्णांनी उजवा हात उचलला आणि घट्ट आपल्याच तोंडावर ठेवला.

कुणी पुण्याहून बघत असतं तर त्यानं लिहिलं असतं की हाक मारायची संधी होती, मारली नाही, म्हणजे इच्छा नव्हती. मी शेजारी उभी होते. त्या माणसाची बोटं गालात रुतली होती.

"मारा की हाक, अण्णा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सल्ला देत होते. "एकदाच मारा."

त्यांनी मान हलवली. मैना पुढं गेली, वळणावर गेली, मोरपिसं दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

"मारली असती तर ती आली असती, ताई," ते म्हणाले. "मग तिला मी कुटं बांदू?"